मांडेवालीच्या खांद्यातली तार

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पुढेही पाहणार नाही. मी एक तार आहे, जुनी आणि चेपलेली. जामनेरजवळच्या एका गावात कुंदाबाई राहतात. त्यांच्या डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत माझं एक टोक आहे आणि दुसरं टोक थेट त्यांच्या हृदयात. माझ्या वरच्या टोकाला एक लहानशी टोपी घातलेली आहे. टोपी घालणं म्हणजे फसवणं, असं तुम्ही म्हणता ना? मला मात्र खरीखुरी टोपी घातली आहे. ती का घातली, तेच आज सांगते.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण चालत नसे. तोंड बांधलेल्या बायका काचेखाली बघत बघत बारीक धातूचे वेढे गुंडाळायच्या. त्या वेढ्यांवर मऊ आवरण चढलं आणि टोकाला एक इवलासा मळसूत्री आकडा बसला. मग मला वाकवून वाकवून पाहिलं. इकडे वाकव, तिकडे वाकव, मला काही म्हणून होईना. तेव्हा मला केवढी घमेंड आली होती म्हणून सांगू! पण वाकणं वेगळं आणि दोन हाडांच्या मध्ये चिरडलं जाणं वेगळं. ते मला तिथे कोणी सांगितलं नाही.

तिथून मी बंद पाकिटातून धुळ्याच्या एका दवाखान्यात आले. कुंदाबाई त्या दिवसांत धुळ्याला, आपल्या लेकीकडे, कामिनीकडे आल्या होत्या. भाजीबाजारात मेथी निवडता निवडता त्यांना घेरी आली आणि त्या खालीच बसल्या. दवाखान्यात नेल्यावर कळलं, की हृदय फार सावकाश चालतंय.

याचं कारण सोपं आहे. हृदयाला दोन मजले असतात. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याला सारखा निरोप जातो, ‘चल, आता ठोका दे.’ कुंदाबाईंच्या हृदयात तो निरोप वाटेतच अडत होता. मग काड्यापेटीएवढं एक यंत्र खांद्याखाली बसवतात, त्याला पेसमेकर म्हणतात. यंत्र निरोप पाठवतं आणि तो हृदयापर्यंत नेणारी मी. पूर्वी दारात तार आली की घरात रडारड व्हायची म्हणे. मी तशी तार नव्हते. ‘बाई ठीक आहेत’ एवढाच माझा मजकूर होता आणि तो मला रात्रंदिवस पोचवायचा होता.

कुंदाबाईंना टेबलावर झोपवलं. डॉक्टर हात धुऊन आले आणि त्यांनी सहज विचारलं, “बाई काय काम करतात?”

दाराशी कुंदाबाईंचे यजमान उभे होते, जीवराम नाना. केळीच्या बागेत आयुष्य गेलेला साधा माणूस. त्यांनी उत्तर दिलं, “काही नाही साहेब. घरीच असते.”

नाना खोटं बोलले नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे जी बाई रोजाने दुसऱ्याच्या शेतात जात नाही, ती घरीच असते. मग घरात ती दिवसभर काय करते, ते कामात धरायचं नाही अशी रीतच पडली आहे. डॉक्टरांनीही पुढे काही विचारलं नाही. आणि कुंदाबाईंच्या तोंडावर हिरवं कापड होतं. त्या जाग्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. पण नवरा बोलला की आपण मध्ये बोलायचं नाही, हे त्यांच्या अंगी इतकं मुरलेलं, की त्या गप्प राहिल्या.

आता मित्रांनो, नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी इथेच अडकली आहे. हातातलं रक्त नेणारी मोठी शीर काखेकडून येते, तेव्हा ती आधी बरगड्यांच्या बाहेरून चालते. पुढे ती गळ्याखालचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या मधल्या फटीतून आत शिरते. तार घालायला सुई दोन ठिकाणी टोचता येते. एक जागा आतली, त्या फटीजवळची. तिथे शीर जाड असते, हलत नाही. सरावलेला हात नुसतं हाड चाचपून, न बघता ती गाठतो. पण शेजारीच फुप्फुस असतं, धमनी असते. सुई जराशी चुकली तर जिवाशी खेळ. आणि नाही चुकली तरी तार कायमची दोन हाडांच्या मध्ये राहते. दुसरी जागा बाहेरची, काखेजवळची. तिथे फट नाही, तारेला मोकळीक. मात्र ती शीर अशी आंधळेपणाने सापडत नाही, बघून टोचावी लागते.

त्या डॉक्टरांचा हात आतल्या जागेचा होता. तसंच ते शिकले होते आणि तसंच त्यांनी कित्येकांना बरं केलं होतं. सुई पहिल्या झटक्यात शिरेत गेली, फुप्फुसाला धक्कासुद्धा लागला नाही. माझा आकडा हृदयाच्या भिंतीत रुतला आणि मी पहिला निरोप दिला. हृदयाने तो लगेच ऐकला. “व्वा!” कोणीतरी म्हणालं. मी तर हरखूनच गेले. फटीत जरा अंग आखडल्यासारखं वाटत होतं, पण नव्या घरी असं होतंच, असं मी मनाला सांगितलं.

कुंदाबाई गावी परतल्या. डावा हात वर करायचा नाही, असं सांगितलेलं त्यांनी मनापासून पाळलं, पदराने हात बांधूनच ठेवला. शेजारच्या झुंबरबाई बघायला आल्या त्या दोन हात लांबच बसल्या. “अक्का, तुह्या अंगात आता करंट हाये,” त्या म्हणाल्या. “चुलीपाशी बसू नको बाप्पा, भडका उडीन!” कुंदाबाई इतक्या हसल्या, की मला हृदयात हिंदकळल्यासारखं झालं. मला ते आवडलं. हसणाऱ्या माणसाच्या हृदयात राहायला मिळणं म्हणजे नशीबच.

हात मोकळा करायची मुभा मिळाली आणि थोड्याच दिवसांत गावात एक लग्न निघालं. पहाटेच बोलावणं आलं, “कुंदाअक्काले घेऊन या, त्यांच्याशिवाय मांडे कोन करीन?”

तेव्हा मला कळलं, की मी कुणाच्या खांद्यात राहते.

मांडे तुम्ही खाल्ले असतील. कुणी त्यांना खापराची पुरणपोळी म्हणतं. पण करताना कधी जवळ बसून पाहिलंय का? चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं. पिठाचा पुरण भरलेला गोळा आधी थोडा लाटायचा, मग तो पोळपाट सोडून हातांवर घ्यायचा. दोन्ही हात वर, कोपरं बाहेर. या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर, पोळी झेलत झेलत मोठी करायची. ती कोपरापर्यंत पसरते, परातीएवढी मोठी होते, तरी पुरण फुटत नाही. आणि मग एका झोक्यात ती खापरावर टाकायची. कुंदाबाईंच्या हातचा मांडा इतका पातळ असायचा, की पंगतीत लोक तो उजेडाकडे धरून बघायचे. लग्न असो, बारसं असो, मांडव उभा राहिला की त्यांचे दोन्ही हात दिवसभर वरच.

आणि दर झेलीला ती दोन हाडं माझ्यावर मिटायची आणि उघडायची.

खरं सांगते, मला संताप आला. “घरीच असते” म्हणे! हे हात त्या दिवशी टेबलाच्या दोन बाजूंना गपगुमान पडलेले होते. एकदा, फक्त एकदा कोणी ते उचलून बघितले असते तर माझी वाट बदलली असती. पण तारेचं कोण ऐकतं? मी निरोप पोचवत राहिले. वर्षं गेली. आवरणाला आधी वळ पडला, मग चीर गेली, मग आतले वेढे एकमेकांवर घासायला लागले. मी तक्रार केली नाही, कारण करायला तोंडच नव्हतं.

मग निरोप चुकायला लागले. हात खाली असला की सगळं ठीक. हात वर गेला की मधूनच माझ्या अंगातून काही जायचं नाही, हृदय वाट बघत थांबायचं आणि कुंदाबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या पिठाचा हात भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “उन्हाचं झालं.” आपल्याकडचं ऊन असं आहे, की त्याच्या नावावर काहीही खपतं. नानाही म्हणायचे, कांदा जवळ ठेव, ताक पी. मी आतून ओरडत होते, अगं बाई, ऊन नाही, मी आहे!

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आला. लेकींनी माहेरी यायचा सण, म्हणून कामिनी धुळ्याहून आली होती. घरात आमरस झाला होता, पितरांची घागर भरून ठेवली होती. कुंदाबाई चुलीपुढे बसल्या. गोळा लाटला, हातांवर घेतला, हात वर गेले. आणि माझ्यातून निरोप गेला नाही. दुसराही गेला नाही. मी जिवाच्या आकांताने प्रयत्न करत होते, पण हाडं मिटलेली होती. मांडा अर्धा खापरावर पडला, अर्धा चुलीत. कुंदाबाई बाजूला कलंडल्या.

कलंडताना हात खाली आला म्हणून मी पुन्हा जोडले गेले. त्या वाचल्या त्या तेवढ्यामुळे. जळक्या पुरणाचा वास घरभर पसरला होता आणि कामिनी “आई, आई” करून त्यांचं तोंड पुसत होती. नाना दारात उभे होते.

गाडी केली आणि सगळे जळगावला निघाले. तिथे डॉक्टर प्रशील बैसाणे भेटले. तरुण, बोलायला हळू, आणि घाई न करणारे. त्यांनी आधी मानेतून एक तात्पुरती तार घातली, म्हणजे माझा भरवसा नसला तरी हृदय थांबायला नको. मग ते खाटेजवळ खुर्ची ओढून बसले.

“चक्कर कधी येते?”

“उन्हात,” नाना म्हणाले.

“नाना, मी अक्कांना विचारतोय.”

कुंदाबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. कामिनी म्हणाली, “सांग नं आई.”

“हात वर केला का डोये फिरतात,” कुंदाबाई म्हणाल्या.

“हात कशासाठी वर करता?”

“मांडे करते मी. खापरावरचे.” आणि मग अगदी हलक्या आवाजात, “कोनी इचारलंच नाही मले.”

डॉक्टरांनी त्यांना तसे हात करून दाखवायला सांगितलं. कुंदाबाई खाटेवर बसल्या बसल्या नसलेली पोळी झेलायला लागल्या. शेजारच्या पडद्यावर माझ्या निरोपांची रेघ चालली होती, ती तुटली. हात खाली घेतला, रेघ जुळली. पुन्हा वर, पुन्हा तुटली. नाना त्या रेघेकडे बघत होते.

“ही तार गेली कित्येक वर्षं हाडांत चिरडतेय,” डॉक्टर म्हणाले. “नवी तार घालू.”

नाना पटकन म्हणाले, “साहेब, आता हिले चुलीपाशी जाऊच देत नाही मी. हात वर करूच देत नाही. मंग तं झालं?”

त्यांनी हे प्रेमाने म्हटलं होतं, शप्पथ. पण ते ऐकून कुंदाबाईंचं हृदय कसं आक्रसलं, ते मलाच माहीत, मी तिथेच राहते. जीव वाचणार होता, आणि हात जाणार होते. मांड्यांशिवाय त्या कोण? गावात आधी कुणाची सून, मग कुणाची बायको, मग कुणाची आई. अक्का त्या मांड्यांमुळे झाल्या होत्या.

त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “मांडे करता येतीन का मले?”

डॉक्टरांनी स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून ते हळूहळू काखेकडे सरकवलं. मग म्हणाले, “दोन महिने अजिबात नाही. त्यानंतर करता यावेत, अशाच वाटेने मी तार घालणार आहे. शब्द देत नाही, पण प्रयत्न पुरा करीन.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबल, पुन्हा हिरवं कापड. पण या खेपेला किती वेगळं! सुई हातात घ्यायच्या आधीच हाताच्या शिरेत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून त्यांनी रस्ता तपासून घेतला, माझ्यामुळे शीर तुंबली तर नाही ना. नव्हती. उपाशी पोटी शिरा पिचकतात, म्हणून सलाइन लावून ठेवलं होतं आणि पायांखाली उशा दिल्या होत्या. मग त्यांनी खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, काखेजवळ, सोनोग्राफीची मूठ टेकवली. कुंदाबाई जाग्याच होत्या, तर डॉक्टर त्यांच्याशीच बोलायला लागले.

“अक्का, पडद्यावर दोन काळे गोल दिसतायत मला. मी वरून दाबतो. जो गोल चपटा होतो ती शीर. जो चपटा होत नाही, उडत राहतो, ती धमनी. तिला हात लावायचा नाही.”

कापडाखालून आवाज आला, “पिठाचा गोया मुरला का नाही, ते मी भी दाबूनच पाह्यते.”

खोलीतले सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. बारीक सुई निघाली. ती कातडीतून आत येताना, शिरेच्या वरच्या भिंतीला टेकताना, भिंत आत दबताना आणि मग अलगद आत उतरताना, हरेक पायरीला ते म्हणत होते, “दिसतेय... दिसतेय... आत आली.” फुप्फुस दूर राहिलं, धमनी बाजूला उडत राहिली. सुईच्या वाटेने नवी तार आली. ती हाडांच्या फटीबाहेरच शिरेत शिरली होती. पुढे फट लागली तिथेही हाडांना न घासता, शिरेच्या आतून सैल, रक्तासोबत डुलत, ती माझ्या शेजारून हृदयात उतरली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मला मत्सर वाटला असेल. वाटला थोडा. पण तिने पहिला निरोप दिला आणि हृदयाने तो ऐकला, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी निवांत झाले. मला ओढून काढलं नाही. माझ्या टोकाभोवती हृदयाचं मांस वाढलं आहे, ओढलं असतं तर तेही सोबत फाटलं असतं. म्हणून मला यंत्रापासून सोडवून टोपी घातली आणि आहे तिथेच राहू दिलं. आता आम्ही दोघी एकाच घरात राहतो, सासू-सुनेसारख्या. काम ती करते, गोष्टी मी सांगते.

गावी गेल्यावर नानांनी खापर उचलून माळ्यावर टाकलं. दोन महिने झाले तरी ते खाली आलं नाही. लग्नघरांतून बोलावणी यायची, नाना दारातूनच परत पाठवायचे, “तिची तब्येत बरी नाही.” तब्येत चांगली होती. पण कुंदाबाई ओट्यावर बसून दोन्ही हात मांडीत ठेवायच्या, आणि ते हात तसे पडलेले मला बघवत नसत. म्हणजे डोळे नाहीत मला, पण खांद्यातून कळतं.

मग पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी जळगावला तपासणीची तारीख आली. खोलीत एक नवीन मुलगी होती, मयुरी म्हणून. तिला काहीच माहीत नव्हतं. यंत्र तपासता तपासता तिने विचारलं, “काका, मावशी काय काम करतात?”

नानांनी तोंड उघडलं. “घरी...” म्हणाले आणि थांबले. मग ते खुर्चीवरून उठले आणि बाजूला झाले, म्हणजे मुलीला कुंदाबाई नीट दिसाव्यात.

“तिलेच इचार, बेटा,” ते म्हणाले. “मले येत नाही सांगता.”

कुंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात उचलले, कोपरं बाहेर, आणि मोठा, पातळ, नसलेला मांडा या हातावरून त्या हातावर झेलायला लागल्या. दोन हाडं नेहमीसारखी माझ्यावर मिटली, कचकन. मी सवयीने श्वास रोखला. पडद्यावरची रेघ मात्र एकदाही तुटली नाही.

त्या वर्षी नानांनी स्वतः माळ्यावर चढून खापर खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि चुलीवर पालथं घातलं. पहिला मांडा झुंबरबाईंना दिला. त्यांनी तो नेमाने उजेडाकडे धरून बघितला.

मित्रांनो, माझं काम संपलं आहे. आता मागायचं ते एकच मागते. तुमच्यातलं कोणी उद्या डॉक्टर झालं, तर सुई टोचण्याआधी बघून घ्या, आणि बघण्याआधी ज्याला टोचायचं त्यालाच विचारा, हातांनी काय करतोस म्हणून. आणि तुमच्या आईबद्दल कोणी विचारलं, तर ‘घरीच असते’ म्हणून मोकळे होऊ नका. त्या दोन शब्दांखाली मी चिरडले आहे, आणि माझ्यासोबत कुंदाबाईंचा जीवही जाता जाता राहिला.